एकाच गावातली तळी, पण प्रत्येकाचा जमाखर्च वेगळा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मोटारींच्या नंबर प्लेटवर '१०,००० तळी' असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात त्या राज्यात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ भरतात. त्यातली मूठभर शोअरव्ह्यू नावाच्या एका उपनगराच्या वाट्याला आली आहेत. सेंट पॉल शहराच्या उत्तरेला, रॅमसे काउंटीत वसलेलं हे गाव १९५७ मध्ये स्वतंत्र झालं. वस्ती सुमारे २७ हजार, क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस किलोमीटर, आणि त्यातला जवळजवळ १५ टक्के भाग पाणी. टर्टल, ओवासो, स्नेल, वाबासो, ग्रास, आयलंड अशी तळ्यांची नावं. आयलंड लेकच्या तर मधूनच हमरस्ता गेला आहे.

ही सगळी तळी एकाच आभाळाखाली, एकाच पावसात भिजणारी. तरीही एकाचं पाणी उन्हाळाभर निवळ असतं, तर दुसरं जुलैतच हिरवं होतं. एक आटतं, दुसरं काठ सोडून बाहेर येतं. असं का होतं, हे समजून घ्यायला हे छोटं गाव फार चांगलं आहे.

सुरुवात बर्फापासून करावी लागते. आपल्याकडचे बहुतेक तलाव माणसांनी खोदलेले किंवा बांध घालून अडवलेले आहेत. उल्कापातातून झालेलं लोणार हा मोठा अपवाद. महाराष्ट्रात शेवटच्या हिमयुगात हिमनद्या पोचल्याच नाहीत. मिनेसोटाच्या या भागावर मात्र शेकडो फूट जाडीचा बर्फ पसरलेला होता. बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी तो मागे हटला, तेव्हा त्याचे प्रचंड तुकडे मागे राहिले. वितळत्या बर्फातून वाहून आलेल्या वाळू-गोट्यांखाली ते गाडले गेले आणि त्या पांघरुणाखाली सावकाश विरघळत राहिले. बर्फ गेला, वरची माती खचली, खड्डा झाला, खड्ड्यात पाणी आलं. अशा तळ्यांना केटल लेक म्हणतात. बर्फाचा तुकडा जेवढा, तेवढं तळं. म्हणूनच इथे वाबासोसारखं आकाराने लहान पण खोल तळं आणि ग्रास लेकसारखं उथळ, दलदलीच्या अंगाचं तळं जवळजवळ नांदतात.

खोलीने बराच फरक पडतो. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्यामुळे खोल तळ्यात उन्हाळ्यात गरम, हलकं पाणी वर तरंगतं आणि थंड पाणी तळाशी अडकून पडतं; दोन्ही थर सहसा मिसळत नाहीत. शरद ऋतूत वरचं पाणी गार होत होत तळाच्या तापमानाला येतं, आणि मग वारा सगळं तळं ढवळून काढतो. वसंतात बर्फ फुटल्यावर पुन्हा तेच. वर्षातून दोनदा तळाला ताजा ऑक्सिजन मिळतो. उथळ तळ्यात थर टिकतच नाहीत. वाऱ्याच्या एका झोताने तळाचा गाळ वर येतो आणि गाळातला फॉस्फरस शेवाळाच्या तोंडी पडतो. एक किलो फॉस्फरसवर तीनशे ते पाचशे किलो ओलं शेवाळ पोसतं असा तिथला ढोबळ हिशेब आहे. म्हणूनच २००५ पासून मिनेसोटाभर घरापुढच्या हिरवळीला फॉस्फरसचं खत घालायला, काही अपवाद वगळता, बंदी आहे.

एवढी तळी असूनही शोअरव्ह्यूचे लोक तळ्याचं पाणी पीत नाहीत. त्यांचं पाणी येतं खोल विहिरींतून. उलट शेजारच्या सेंट पॉलचं पिण्याचं पाणी तळ्यांतून जातं. मिसिसिपी नदीचं पाणी फ्रिडली इथे उपसतात, नळांनी चार्ली लेकमध्ये सोडतात, तिथून ते प्लेझंट, सकर आणि वॅडनिस अशा तळ्यांच्या माळेतून पुढे सरकतं आणि मग शुद्धीकरण केंद्रात पोचतं. वाटेत गाळ खाली बसतो, शिवाय नदीत काही अडचण आलीच तर हाताशी साठा राहतो. शोअरव्ह्यूच्या पूर्व अंगाला असलेल्या या तळ्यांचं पाणी त्यामुळे सतत बदलत राहतं.

स्नेल लेकचं तसं नाही. त्यात येणारी नदी नाही. पाऊस, थोडा ओघळ आणि जमिनीतलं पाणी यांवरच त्याची भिस्त. कोरड्या वर्षांत ते एवढं उतरायचं की एके काळी सकर लेकमधून पंपाने पाणी आणून ते भरावं लागे. मग पावसाळी वर्षं आली. २०१९ हे तर ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल परिसराच्या, नोंदींतलं सर्वाधिक पावसाचं वर्ष ठरलं. त्या काळात याच परिसरातल्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. ज्या तळ्याला पाण्याची वाट बाहेर नाही, त्याला जास्तीचं पाणी सोडायला जागाच नसते.

तळ्याचं पाणी जमिनीत कुठे जातं हे शोधायची एक सुंदर पद्धत आहे. तिचा उपयोग काही मैलांवरच्या व्हाइट बेअर लेकवर झाला. सुमारे २,४०० एकरांचं हे तळं २००३ नंतर उतरत गेलं आणि जानेवारी २०१३ मध्ये नोंदींतल्या नीचांकाला पोचलं. काठावरच्या घरांचे धक्के कोरड्या वाळूत उभे राहिले. दोष पावसाचा की आसपासच्या गावांच्या विहिरींचा, यावर वाद पेटला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने पाण्यालाच विचारायचं ठरवलं. पाण्याच्या साधारण पाचशे रेणूंमागे एकात ऑक्सिजनचा जड अणू असतो. बाष्पीभवन होताना हलके रेणू आधी उडून जातात, त्यामुळे उघड्या तळ्याच्या पाण्यात जड रेणूंचं प्रमाण वाढतं. जमिनीत थेट मुरलेल्या पावसाच्या पाण्यावर ही खूण नसते. तळ्याच्या उताराकडच्या काही विहिरींच्या पाण्यात ही खूण स्पष्ट सापडली. म्हणजे तळ्याचं पाणी जमिनीतून विहिरींकडे जात होतं. त्या भागातल्या मुख्य जलधर खडकातून होणारा उपसा १९८० ते २०१० या काळात दुपटीहून जास्त वाढला होता. पावसाचा वाटा होताच, पण पंपांचाही होता. प्रकरण कोर्टात गेलं. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने, पाणी ठरावीक पातळीखाली असताना हिरवळीला पाणी घालण्यावर निर्बंध आणण्याचा आदेश राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याला दिला. पुढे ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की अंगणातला फवारा आणि दूरचं तळं यांच्यातला संबंध मोजून दाखवता आला. ट्विन सिटीजमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. उन्हाळ्यात अंगणाला पाणी घालताना हा हिशेब त्यांच्याही घरचा आहे.

हिवाळ्याचा प्रश्न वेगळाच. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते वितळत्या पाण्याबरोबर तळ्यात उतरतं आणि तिथून बाहेर काढायचा व्यवहार्य उपाय नाही. चमचाभर मीठ पाच गॅलन, म्हणजे जवळजवळ १९ लिटर पाणी जलचरांना अपायकारक करायला पुरतं. मर्यादा आहे लिटरमागे २३० मिलिग्रॅम क्लोराइडची. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की ट्विन सिटीजच्या रस्त्यांवर पडणाऱ्या मिठातलं सुमारे ७० टक्के वाहून जातच नाही. ते तिथल्याच तळ्यांत आणि भूजलात मुरतं.

शोअरव्ह्यूने यावर एक धाडसी प्रयोग केला. ओवासो लेकजवळच्या वुडब्रिज वस्तीतलं पावसाचं पाणी गाळणी न होता थेट तळ्यात जायचं. २००९ मध्ये तिथले रस्ते सच्छिद्र काँक्रीटचे केले. या काँक्रीटमध्ये बारीक वाळू जवळजवळ नसते; खडीचे दाणे सिमेंटने एकमेकांना चिकटवलेले असतात आणि मधली भोकं मोकळी राहतात. वर पाणी ओता, डबकं न होता ते खाली जातं. खाली मोठ्या खडीचा जाड थर, त्याखाली हिमनदीने मागे ठेवलेली वाळू. रस्त्यावर पाणी साचत नाही म्हणून ते गोठून काचेसारखा थरही धरत नाही, आणि मीठ कमी लागतं. भोकं मात्र पानं आणि मातीने बुजतात, त्यामुळे असे रस्ते घाण शोषून घेणाऱ्या खास यंत्राने नियमित साफ करावे लागतात.