महाराजबाग प्राणिसंग्रहालय, नागपूर

नागपूरच्या मध्यवस्तीत, सीताबर्डीला लागून असलेले जुने प्राणिसंग्रहालय. जागा मूळची भोसले राजांच्या बागेची. ब्रिटिश अमदानीत, १८९४ साली, येथे प्राणी ठेवायला सुरुवात झाली. आज बाग आणि संग्रहालय दोन्ही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे असून कारभार नागपूरचे कृषी महाविद्यालय पाहते. प्राणिसंग्रहालय एखाद्या कृषी विद्यापीठाने चालवावे, हे तसे दुर्मीळच.

सुरुवातीच्या काळात पिंजऱ्यातला वाघ हा केवळ पाहण्याचा विषय होता. ही दृष्टी कायद्याने बदलली. वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या मान्यतेशिवाय संग्रहालय चालवता येईनासे झाले. शहराने चारी बाजूंनी वेढलेल्या महाराजबागेला नव्या निकषांत बसणे जड गेले. २०१८ मध्ये प्राधिकरणाने मान्यता नाकारली, तेव्हा विद्यापीठाने त्याविरुद्ध दाद मागितली. निकष योग्यच आहेत. पण जागेची अडचण ही या संग्रहालयाच्या वयाचीच अडचण आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे.

महाराजबागेचे खरे मोल विदर्भाच्या जंगलाशी असलेल्या तिच्या नात्यात आहे. आईपासून दुरावलेले बछडे, जखमी बिबटे, सापळ्यात सापडलेले वाघ वनखात्याने वर्षानुवर्षे येथे आणले. साहेबराव हा त्यांपैकी सर्वांत परिचित. २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात त्याचा पुढचा पाय अडकला. सोबतचा वाघ दगावला, साहेबराव वाचला, पण पंजाची बोटे गमावून. जंगलात परतणे शक्य नसल्याने तो महाराजबागेत राहिला आणि पुढे गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात गेला. तेथे २०२० मध्ये त्याला कृत्रिम पाय बसवण्याचा प्रयत्न झाला. तो पाय त्याने ठेवून घेतला नाही. ‘वाघ वाचवा’ म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायला त्याच्या पायाइतका थेट दाखला क्वचितच मिळेल.

नागपूरच्या कित्येक कुटुंबांतील मुलांनी पहिला वाघ येथेच पाहिला आहे. उन्हाळ्यात दुपारी प्राणी सावली धरून पडून असतात, त्यामुळे सकाळी जाणे चांगले. सोमवारी संग्रहालय बंद असते. प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे, आरडाओरडा करून त्रास देणे किंवा आवारात कचरा टाकणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे नुसार गुन्हा आहे. माकडांपुढे शेंगदाणे टाकण्याची जुनी सवय त्यात सरळसरळ बसते, आणि ती मोडण्याचे काम पालकांनीच करायला हवे.

शहराच्या वायव्येला गोरेवाडा येथे २६ जानेवारी २०२१ रोजी बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानाची ‘इंडियन सफारी’ सुरू झाली. तेथे प्राणी विस्तीर्ण वनक्षेत्रात मोकळे असतात आणि माणसे जाळी लावलेल्या बसमधून फिरतात. वन्यप्राणी बचाव केंद्रही तेथेच असल्याने जखमी प्राण्यांच्या उपचाराचा मोठा भार आता गोरेवाड्याकडे गेला आहे.