अधूनमधून येणारा बिघाड

इलेक्ट्रॉनिक उपकरणात कधी प्रकट होणारा, तर कधी आपोआप नाहीसा होणारा बिघाड. दुरुस्तीवाले त्याला सरसकट ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणतात. पण सैल जोड हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक झाले.

जुन्या रेडिओ-टीव्हीत नेहमी सापडते ती डाखकामातील (सोल्डरिंगमधील) चीर. तापणाऱ्या किंवा जड भागाच्या पायाभोवती डाखाला केसाएवढी गोल चीर पडते. संच थंड असताना तिच्या कडा टेकलेल्या असतात. थोड्या वेळाने धातू तापून प्रसरण पावला की सुटतात आणि आवाज जातो. झाकण उघडेपर्यंत त्या पुन्हा टेकतात. तपासायला मल्टीमीटरचे (वीज मोजण्याच्या यंत्राचे) टोक लावावे, तर तेवढ्या दाबानेच रेडिओ बोलू लागतो आणि ‘दुरुस्त’ होऊन घरी जातो. चार दिवसांनी परत येतो.

म्हणून इथे आधी बिघाड घडवून आणावा लागतो. हेअर ड्रायरने एकेक भाग गरम करणे, फ्रीझर स्प्रेने एकच कंडेन्सर (विद्युतभार साठवणारा भाग) किंवा ट्रान्झिस्टर गार करणे, प्लॅस्टिकच्या काडीने हलके ठोकत जाणे, हे त्याचे मार्ग. आवाज गेला त्या क्षणी व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याच्या पात्याला बोट टेकवतात. स्पीकर गुणगुणला तर तिथून पुढचा भाग बहुधा ठीक, बिघाड त्याच्या आधीच्या भागात शोधायचा. अर्धे काम इथेच हलके होते. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या) संचात मात्र अशी बोटे घालू नयेत. त्यात २०० व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि बंद केल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये टिकून राहतो.

रेडिओला थापट मारण्याची घरोघरची रीत अगदीच अडाणी नव्हे. १९६०च्या दशकातील अनेक ट्रान्झिस्टर रेडिओंत एएफ ११७ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असे. त्याच्या डबीत आतून कथलाचे सूक्ष्म तंतू वाढतात आणि आतल्या जोडांना चिकटून शॉर्ट करतात. टिचकी मारली की तंतू तुटतो, रेडिओ सुरू होतो. पुढे तंतू पुन्हा वाढतो. याला चार पाय असतात, त्यांपैकी एक नुसता डबीला जोडलेला. तंतू एकाच जोडाला चिकटला असेल, तर तो चौथा पाय कापला की डबी अर्थिंगपासून सुटते आणि ट्रान्झिस्टर न बदलता भागते.