उष्मादायी आणि उष्माग्राही अभिक्रिया

ज्या रासायनिक अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते ती उष्मादायी आणि जी भोवतालची उष्णता शोषून घेते ती उष्माग्राही. इंधनाचे ज्वलन, आम्ल-आम्लारीचे उदासिनीकरण, कळीचा चुना विरवणे या उष्मादायी अभिक्रिया. हाच चुना चुनखडी भाजून तयार करणे मात्र उष्माग्राही. त्यासाठी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि भट्टी विझवून चालत नाही, कारण चुनखडीच्या दर मोलमागे (मोल म्हणजे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक) सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता अभिक्रियेतच खर्च होत असते.

ही उष्णता येते कुठून? अणूंना जोडणारा बंध तुटला की ऊर्जा मोकळी होते, असा समज बराच रूढ आहे. तो साफ उलटा आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा घालावी लागते, मिळते ती नवे बंध जुळताना. हायड्रोजन आणि क्लोरीन यांचेच पाहा. एक मोल हायड्रोजनमधील बंध तोडायला ४३६ किलोज्यूल लागतात, एक मोल क्लोरीनमधील तोडायला २४२. एकूण खर्च ६७८. हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल बनताना दर मोलला ४३१ प्रमाणे ८६२ किलोज्यूल मिळतात. वरचे १८४ किलोज्यूल उष्णता म्हणून बाहेर पडतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगात हिशेब तोट्याचा येतो, कारण नायट्रोजनचा तिहेरी बंध फार भक्कम असतो. म्हणून हवेतले हे दोन वायू एरवी शेजारी शेजारी शांत असतात आणि विजेच्या लोळात किंवा तापलेल्या इंजिनातच नायट्रिक ऑक्साइड तयार होते.

स्थिर दाबाखाली होणारी ही देवघेव एन्थॅल्पीतील, म्हणजे पदार्थातील उष्णता-ऊर्जेच्या मापातील, बदल म्हणून मांडतात. उष्मादायी अभिक्रियेत तो ऋण असतो. रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये दाखवले की अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, एकूण उष्णता तेवढीच राहते. हा नियम फार कामाचा आहे. कार्बन जाळून निव्वळ कार्बन मोनॉक्साइड मिळवणे अवघड, थोडा डायऑक्साइड होतोच. त्यामुळे ती उष्णता थेट मोजता येत नाही. पण कार्बनच्या पूर्ण ज्वलनाचे ३९३.५ आणि मोनॉक्साइडच्या ज्वलनाचे २८३ किलोज्यूल मोजता येतात. वजाबाकी केली की ११०.५ हे उत्तर हाती येते.

उष्णता देणाऱ्या अभिक्रियाच आपोआप घडतात, असे एकोणिसाव्या शतकात टॉमसेन आणि बर्तेलो हे रसायनशास्त्रज्ञ मानत. ते पूर्ण खरे नाही. जलयुक्त बेरियम हायड्रॉक्साइड आणि अमोनियम क्लोराइड हे दोन घन पदार्थ चंचुपात्रात नुसते ढवळले, तरी अमोनियाचा उग्र वास सुटतो, मिश्रण पातळ होते आणि तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. पात्राखाली ओली लाकडी फळी ठेवली तर ती पात्राला गोठून चिकटते. घनांपासून द्रव आणि वायू बनल्याने एन्ट्रॉपी, म्हणजे कणांच्या विस्कळीतपणाचे माप, इतकी वाढते की उष्णता शोषूनही अभिक्रिया पुढे सरकते.