सर्व्हरवर कंपायलर का नको?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मागच्या महिन्यात सिक्युरिटी ऑडिटचा रिपोर्ट आला. काम एका सरकारी खात्याचं. त्यातला एक मुद्दा: ‘प्रॉडक्शन सर्व्हरवर कंपायलर आढळला, काढून टाकावा.’ प्रॉडक्शन सर्व्हर म्हणजे प्रत्यक्ष वापरातलं मशीन; कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला सोर्स कोड मशीनला चालवता येईल अशा प्रोग्रॅममध्ये बदलणारा प्रोग्रॅम. कारण दिलेलं नव्हतं. नव्यानं लागलेल्या पोरानं विचारलं, “सर, त्या जीसीसीनं कुणाचं काय घोडं मारलंय?”

जीसीसी म्हणजे तोच कंपायलर. प्रश्न रास्त होता, पण उत्तर बरंच मागं जातं.

अमेरिकी सरकारनं कंपायलरवर सुरुवातीला बंधनं घातली ती सुरक्षेपायी नव्हे, खर्चापायी. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात साडेचारशेहून जास्त प्रोग्रॅमिंग भाषा आणि पोटभाषा नांदत होत्या. तो पसारा आवरायला ‘अॅडा’ ही भाषा आली. १० डिसेंबर १९८० ला, म्हणजे पहिली प्रोग्रॅमर मानल्या जाणाऱ्या अॅडा लव्हलेसच्या वाढदिवशी, ती लष्करी मानक झाली. मानकाचा क्रमांक १८१५, लव्हलेसचं जन्मसाल. चाचण्यांचा ठरलेला संच पार केल्याशिवाय कंपायलर लष्करी कामात चालत नसे. इथल्या शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला यात नवल वाटणार नाही, टेस्ट सर्टिफिकेटाशिवाय त्याचा माल तरी कोण उतरवून घेतो? अॅडाची सक्ती १९९७ मध्ये उठली.

भीती शिरली ती दुसऱ्या वाटेनं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे एक जनक केन थॉम्पसन यांचं, संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराचं भाषण १९८४ मध्ये छापून आलं. लॉगिनचा प्रोग्रॅम समोर आला की कंपायलर त्यात गुपचूप चोरदार ठेवतो, असं त्यांनी दाखवलं. फाउंड्रीतल्या पॅटर्नमध्ये खोट राहिली की ती प्रत्येक कास्टिंगमध्ये उतरणार, ड्रॉइंग कितीही तपासा. खरी मेख पुढं होती: हा कंपायलर नवा कंपायलर बांधतानाही तीच खोट त्यात उतरवतो, त्यामुळं सोर्स कोड साफ केला तरी ती जात नाही. कल्पना मात्र त्यांची नव्हती. अमेरिकी हवाई दलाच्या, मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तपासणीच्या १९७४ च्या अहवालात ती आली होती, आणि हवाई दलाच्या कागदात वाचल्याचं श्रेय त्यांनी दिलंही.

आमच्या रिपोर्टातला मुद्दा मात्र या भीतीतून आलेला नाही. त्याचं मूळ २ नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्ममध्ये, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या एका प्रोग्रॅममध्ये दिसतं. हा किडा नव्या मशीनवर आधी ९९ ओळींचा एक सी प्रोग्रॅम टाकायचा, तिथल्याच कंपायलरकडून तो बांधून घ्यायचा आणि त्याच्याकरवी उरलेलं अंग आत ओढायचं. घरात शिरून घरमालकाच्याच पहारीनं कपाट फोडायचं, तसं. बर्कली विद्यापीठातून दुसऱ्या दिवशी पहाटे जे उपाय निघाले, त्यात कंपायलर आणि त्याचं काम पुरं करणारा लोडर यांची नावं बदलून टाका, हाही होता. पुढं अमेरिकी संरक्षण खात्याच्या वेब सर्व्हर तपासणीत ‘प्रॉडक्शनवर कंपायलर नको’ हा स्वतंत्र नियमच बसला. असे नियम एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत जातात; कारण मागंच राहतं.

थॉम्पसन यांची भीती खरी ठरायला वेळ लागला. २०१५ मध्ये चीनमधल्या अनेक डेव्हलपरांनी आयफोनची अॅप्स बांधायचं अॅपलचं साधन, एक्सकोड, अधिकृत जागेऐवजी दुसरीकडून उतरवलं. त्या प्रतीत भेसळ होती, आणि तिनं बांधलेली अॅप्स थेट अॅप स्टोअरवर गेली. २०२० मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या बिल्डमध्येच, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधण्याच्या कामातच, घुसखोरांनी कोड मिसळला. तो अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचला. मे २०२१ च्या अमेरिकी अध्यक्षीय आदेशात मग बिल्डची जागा सुरक्षित राखण्याची अट आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं तर सी आणि सी++ सोडून मेमरी आपणहून सांभाळणाऱ्या भाषांकडे वळा असं सुचवलं. ती बंदी नव्हे, सल्ला.

माझ्या मते १९८८ च्या किड्यातून आलेला नियम आज अर्धाच कामाचा आहे. सर्व्हरवर जेवढं कमी तेवढं बरं, हे खरं; पण आताचा चोर पहार सोबत घेऊनच येतो, तयार बायनरी, म्हणजे आधीच बांधलेला प्रोग्रॅम टाकतो.

आम्ही जीसीसी काढला आणि मुद्दा बंद झाला. वेगळ्या कंपायलरशिवाय कोड चालवणारे पायथन आणि पर्ल तिथंच आहेत, त्यांच्याबद्दल रिपोर्टात अवाक्षर नाही. बिल्ड आता त्या पोराच्या लॅपटॉपवर होतो. त्यानं कंपायलर कुठून उतरवलाय, हे ऑडिटरनं विचारलं नाही, आणि मीही अजून विचारलेलं नाही.