कॉलेज हॉकीची मागची फळी : कोल्हापूरच्या बचावाची पार्श्वभूमी

शहरातल्या एका कॉलेजच्या हॉकी संघातून यंदा दोन्ही फुल बॅक आणि गोलकीपर एकदमच पदवी घेऊन बाहेर पडले. जुन्यांपैकी लेफ्ट हाफ तेवढा शेवटच्या वर्षाला आहे. बाकीची मागची फळी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांची. त्यामुळे मोसम सुरू व्हायच्या आधीच कठड्यावर बसणाऱ्या जुन्या खेळाडूंनी निकाल लावून टाकलाय : यंदा गोल खाणार.

खातीलही. पण त्याचं कारण पोरं नवीन आहेत एवढंच सांगून भागत नाही. कॉलेजच्या संघात पोरं नवीन कधी नसतात? तीन वर्षांच्या पदवीत पहिलं वर्ष राखीव खेळाडूंच्या बाकावर जातं, दुसऱ्या वर्षी जागा मिळते, तिसऱ्या वर्षी खेळ बसतो आणि निरोप समारंभ होतो. आता चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आल्यामुळे एखादा चांगला बॅक आणखी एक मोसम थांबेल, इतकीच काय ती सोय. खरी अडचण वेगळी आहे. कोल्हापुरात बचाव म्हणून जे शिकवलं जातं, ज्याला टाळ्या पडतात, तो बचाव जुन्या नियमांच्या हॉकीतला आहे. ते नियम एकेक करून गेले, टाळ्या मात्र तिथेच राहिल्या.

हॉकी या भागात आली ती छावण्यांच्या वाटेने. पुण्याजवळची खडकी हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव, कारण धनराज पिल्ले तिथला. पण कोल्हापूरकरांना खडकीपेक्षा बेळगाव जवळ. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र तिथे, आणि या रेजिमेंटने भारतीय हॉकीला गोलकीपर दिला तो शंकर लक्ष्मण. जन्माने महूचे, नोकरीने मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १९५६, १९६० आणि १९६४ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत ते गोलात उभे राहिले. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. १९५६ ला भारत १-० ने जिंकला, १९६० ला ०-१ ने हरला, १९६४ ला पुन्हा १-० ने जिंकला. तीन अंतिम सामन्यांत मिळून खाल्ला एकच गोल! त्या १९६४ च्या टोकियोच्या संघात बेळगावचे बंडू पाटीलही होते. १९५६ चा विजयी गोल कुणी केला, तर रणधीर सिंग जेंटल यांनी. ते फुल बॅक होते. पेनल्टी कॉर्नरवर पुढे यायचं, मारायचं, परत मागे जायचं.

भारतीय हॉकी म्हटलं की आपल्याला फॉरवर्डच आठवतात. ध्यानचंदांच्या नावाने आपल्याकडे हॉकी स्टेडियम आहे, २९ ऑगस्टला त्यांच्या जन्मदिनी क्रीडा दिन होतो, कॉलेजात प्रतिमेला हार घातला जातो. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने २९ गोल केले आणि त्यातले १४ ध्यानचंदांचे, हे भाषणात येतं. त्याच स्पर्धेत भारताने एकही गोल खाल्ला नाही, हे भाषणात येत नाही. गोलात रिचर्ड अ‍ॅलन होते. हे नाव कुठल्या फलकावर वाचल्याचं मला आठवत नाही.

त्या काळची रचना साधी होती : पुढे पाच, मध्ये तीन हाफ, मागे दोन फुल बॅक, त्यांच्यामागे कीपर. दोन बॅकवर भागायचं याचं मोठं कारण ऑफसाइड, म्हणजे फॉरवर्डला गोलजवळ आधीच जाऊन थांबू न देणारा नियम. १९७२ पर्यंत पास घेणाऱ्या फॉरवर्डच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन जण असावे लागत, नंतर ते दोनांवर आलं. बॅक चार पावलं पुढे सरकला की समोरचा फॉरवर्ड आपोआप अडकायचा. १९८७ ला ऑफसाइड शेवटच्या २५ यार्डांपुरता उरला, १९९६ ला प्रयोग म्हणून काढला आणि १९९८ ला कायमचा गेला. आता फॉरवर्ड थेट कीपरच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि त्याला कुणी काही म्हणू शकत नाही. त्याच्याबरोबर कुणाला तरी मागे थांबावंच लागतं. म्हणजे फळी लांबली, दोन ओळींमध्ये मोकळी जागा पडली, आणि त्या जागेत धावणाऱ्याला कुणी धरायचं हा प्रश्न जन्माला आला. कॉलेजच्या सामन्यात निम्मे गोल याच प्रश्नावर होतात. राइट हाफ म्हणतो माझा माणूस नव्हता, बॅकही तेच म्हणतो.

त्याआधीच दुसरा बदल होऊन गेला होता. १९७५ ला क्वालालंपूरमध्ये अजितपाल सिंग यांच्या संघाने गवतावर विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली. भारत सातवा आला. १९८० ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, पण तेव्हा अर्ध्या मातब्बर संघांनी बहिष्कार घातला होता, म्हणून त्या पदकावर फार भार टाकता येत नाही.

टर्फने बचावपटूचं नेमकं काय बदललं? मातीवर चेंडू उसळतो. फॉरवर्डला नजर खाली ठेवावी लागते आणि चेंडू ताब्यात घ्यायला अर्धा क्षण जास्त लागतो. तो अर्धा क्षण बॅकचा. तेवढ्यात तो अंगावर जाऊन जॅब मारतो, म्हणजे स्टिक झटक्यात पुढे खुपसतो, चेंडू सुटतो, मग जोरात हिट मारून तो लांब पाठवतो. इथे कठड्यावरून आवाज येतो, "काढ की रं भायेर!" आणि चेंडू साइडलाइनबाहेर गेला तरी टाळ्या. टर्फवर चेंडू फॉरवर्डच्या स्टिकला चिकटून येतो, त्याची नजर वर असते, आणि अंगावर धावत आलेला बॅक त्याला हवाच असतो. अंगावर धावून जाणारा पैलवान जसा समोरच्याला आयता पट देतो, तसं हे. म्हणून टर्फवरच्या बॅकला मागे सरकत खेळायला शिकवतात. स्टिक जमिनीलगत, गुडघे वाकलेले, आणि फॉरवर्डला आपल्या उजव्या हाताकडे रेटत न्यायचं. कारण साधं आहे. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते. बॅकच्या डाव्या हाताला रिव्हर्स स्टिकने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, अडवावं लागतं आणि तिथेच तो कच्चा असतो.

मातीवर वाढलेल्या पोराला महिन्या-दोन महिन्यांत हे सांगून कळतं, पण अंगात येत नाही. टर्फवर खेळायला मिळणं वेगळं, टर्फवर वाढणं वेगळं.

आणि कोल्हापूरचा म्हणून आणखी एक पेच आहे, फुटबॉलचा. हे शहर पेठांच्या फुटबॉलचं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही नावं लहानपणी कानावर पडतात, आणि शाहू स्टेडियमवर चुलत्याच्या खांद्यावर बसून सामना बघितलेला पोरगा पुढे हॉकीकडे वळला तरी त्याचे पाय फुटबॉलचेच राहतात. दम असतो, धाडस असतं, मैदान वाचता येतं. पण दोन सवयी महागात पडतात. पहिली, चेंडू आणि समोरचा यांच्यामध्ये अंग घालायची. फुटबॉलमध्ये ते कौशल्य, हॉकीत तो फाउल. दुसरी सवय याहून वाईट : स्टिकला चेंडू चुकला की पाय आपोआप आडवा जातो. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बचावपटूच्या पायाला चेंडू लागला की पेनल्टी कॉर्नर, ज्याला आपल्याकडे जुनी माणसं अजून शॉर्ट कॉर्नर म्हणतात.

परवा एका सराव सामन्यात हेच बघायला मिळालं. राइट बॅक दुसऱ्या वर्षाचा, अंगाने दणकट. डीच्या कडेवर त्याने फॉरवर्डला व्यवस्थित बाहेर नेलं होतं, काम झालंच होतं. फॉरवर्डने वैतागून चेंडू नुसता आत ढकलला, याने सवयीने डावा पाय पुढे केला. शिट्टी. पंचांनी दोन्ही हात गोलकडे केले. पोरगा आधी आपल्या बुटाकडे आणि मग प्रशिक्षकांकडे बघत राहिला.

पेनल्टी कॉर्नर हा आजच्या बचावाचा खरा पेपर आहे. गोलरेषेमागे कीपर धरून पाच जण, बाकीचे सगळे मध्यरेषेपलीकडे. हल्ला करणारे डीच्या बाहेर. पहिला फटका हिट असेल तर तो गोलच्या तळाशी असलेल्या ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा (बॅकबोर्ड) वर जाता कामा नये. पण ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत आणून उचलून फेकण्याला, ही मर्यादा नाही. ड्रॅग फ्लिक रुळली तसा हा खेळच पालटला. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासने ३४८ आंतरराष्ट्रीय गोल केले, ते प्रामुख्याने याच हत्यारावर. कॉलेज पातळीवर जातिवंत ड्रॅग फ्लिकर क्वचितच असतो, पण एक जरी समोर आला तरी पहिल्या रशरला, म्हणजे गोलरेषेवरून सगळ्यात आधी सुटणाऱ्या बचावपटूला, चेंडूच्या रेषेत धावत जावं लागतं. तोंडावर मुखवटा, गुडघ्यांना पॅड, हातात जाड ग्लोव्ह. हे काम अमित रोहिदास भारतासाठी वर्षानुवर्षं करत आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध त्याला १७ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं, उरलेला सामना भारत दहा जणांनी खेळला, १-१ वर रोखून धरला आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. मागच्या फळीने जिंकून दिलेला सामना म्हणून पोरांना दाखवायचा असेल तर याच्याइतका चांगला दुसरा सापडणार नाही. पुढच्याच सामन्यात, उपांत्य फेरीत, रोहिदास निलंबित होता आणि भारत जर्मनीकडून २-३ ने हरला.

नवख्या फळीला इथे एक नियम नेहमी नडतो. पेनल्टी कॉर्नरला हल्ल्यातल्या खेळाडूने चेंडू खेळात ढकलायच्या आधीच रेषा सोडली तर त्या बचावपटूला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. म्हणजे पाचाचे चार. उतावीळपणाची शिक्षा इतकी रोख दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तिसरा बदल २००९ चा, सेल्फ पास. पूर्वी फाउल झाला की फ्री हिट घ्यायला दोघं लागत, तेवढ्यात बॅक जागेवर यायचे, पंचांशी दोन शब्द बोलून घ्यायचे. आता फाउल झालेला खेळाडू चेंडू स्वतःलाच देऊन सुटतो. पंचांकडे हात पसरून उभा राहिलेला बॅक पाठमोरा असतानाच मागे पडतो. हे मात्र आपली पोरं हळूहळू शिकलीत, कारण यात अंगवळणी पडलेलं काही मोडायचं नव्हतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

मोसमाआधीच्या तयारीचं म्हणाल तर कोल्हापुरात ती भर पावसात होते. कॉलेजं जून-जुलैत सुरू होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठणार की ४३ ची धोका पातळी ओलांडणार, याची चर्चा असते. मैदानावर पाणी. सराव मग हॉलमध्ये : स्टिकवर्क, जिने चढणं-उतरणं, दोघांत पास. फॉरवर्डची त्यात अर्धीमुर्धी तयारी होते. मागच्या फळीची होत नाही, कारण तिचं काम अंतरांचं आहे. दोन बॅकमध्ये किती जागा, हाफ किती पुढे, कीपरने कधी बाहेर यायचं, हे चार भिंतींत ठरत नाही. म्हणून आपल्याकडच्या संघांचा हल्ला पहिल्या सामन्यापासून बरा दिसतो आणि बचाव तिसऱ्या-चौथ्या सामन्यात जुळतो. तोवर पुष्कळदा स्पर्धाच संपलेली असते.

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात. आधी विभागीय, मग आंतरविभागीय, आणि तिथून निवडलेला विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जातो. साताऱ्याकडे अलीकडे बघावं असं बरंच घडलंय. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली भारतीय संघापर्यंत पोचल्या, आणि त्यातली अक्षता बचावपटू आहे. फलटणला जे लहान वयात सुरू होतं ते आपल्याकडे कॉलेजात आल्यावर सुरू होतं, हा फरक नुसत्या सुविधांचा नाही असं मला वाटतं. इथे चांगला पाय असलेला पोरगा आधी पेठेच्या संघाकडे जातो. हॉकीच्या वाट्याला तो उशिरा येतो.

तर यंदाचं चित्र. दोन नव्या बॅकपैकी डावीकडचा शांत आहे, चेंडू मिळाल्यावर वर बघतो आणि हाफला छोटा पास देतो. त्याला टाळ्या पडत नाहीत, पण संघात मला सगळ्यात भरवशाचा तोच वाटतो. उजवीकडच्याची पाय आडवा घालायची सवय मोसमभर अधूनमधून डोकं वर काढणार. कीपर पहिल्या वर्षाचा. चेंडू अडवण्यात चपळ, पण ओरडत नाही, आणि न ओरडणारा कीपर असला की बॅकना पाठीमागचं कळत नाही. पहिल्या दोन सामन्यांत किती गोल खाल्ले यापेक्षा किती पेनल्टी कॉर्नर दिले ते मोजावं. फळी सुधारतेय की नाही ते त्यावरून आधी कळेल.

पहिल्या रशरची जागा अजून ठरलेली नाही. गडहिंग्लजकडचा एक पहिल्या वर्षाचा पोरगा संघात सगळ्यात वेगवान आहे, पण रेषा लवकर सोडतो. लेफ्ट हाफ वेळ साधतो, पण पहिली चार पावलं जड. जिमखान्यात यादी द्यायच्या आधी दोन सराव सामने मिळाले तर प्रशिक्षक त्या पोरावर डाव लावतील. पावसाने ते बुडवले, तर विभागीयच्या पहिल्या सामन्यात मुखवटा लेफ्ट हाफच्याच तोंडावर असेल.