आराम केल्यावर वाढणारी कंबरदुखी

पंचविशीतला मुलगा कंबर धरून बसला की घरचे सांगतात, ‘पडून राहा, जड उचलू नकोस.’ कुणी म्हणतं गादी सरकली, कुणी म्हणतं गाडीच्या धक्क्यांनी झालं. लचक भरून आलेलं दुखणं काही आठवड्यांत बहुधा ओसरतंच. पण अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजारात झोपून राहण्याचा सल्ला उलटा पडतो.

यात मणक्यांची झीज होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांत दाह पेटवते. सुरुवात बहुधा कमरेच्या तळाशी होते, कणा जिथे दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांना जोडला जातो तिथे. म्हणून कधी डाव्या कुल्ल्यात दुखतं, कधी उजव्या. दुखणं हळूहळू सुरू होतं, बहुतेकदा पंचेचाळिशीच्या आत, आणि तीन महिने उलटले तरी जात नाही. पहाटे दुखण्याने जाग येते. उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग लाकडासारखं ताठरलेलं असतं. चालायला लागलं की मोकळं वाटतं आणि जास्त वेळ बसलं की पुन्हा आखडतं. सगळ्यात मोठी खूण हीच. सोबत डोळा अचानक लाल होऊन दुखणं, टाच दुखणं, सोरायसिस किंवा आतड्यांचा दाह असेल तर संधिवाततज्ज्ञांना गाठण्यात उशीर करू नये. डोळ्याचं दुखणं तर त्याच दिवशी दाखवावं.

तरीही निदान व्हायला अनेकदा वर्षं जातात, कारण साध्या एक्स-रेत बदल फार उशिरा दिसतात. एमआरआयमध्ये दाह आधी सापडतो, मात्र तो कटीच्या त्या सांध्यांचा काढायला हवा. नुसत्या कंबरेच्या मणक्यांचा काढला तर नेमकी जागा सुटू शकते. एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेलं नातं १९७३ मध्ये उघड झालं. पण हे जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. त्यामुळे रक्ताच्या एका रिपोर्टवरून घाबरून जाऊ नये. उलट ईएसआर, सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या म्हणून आजार नाही, असंही नसतं. हा फक्त पुरुषांचा आजार, ही समजूतही चुकीची आहे. तिच्यामुळे बायकांचं निदान आणखी लांबतं.

आजार मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. रोजचा व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे: पाठ ताणण्याचे प्रकार, दीर्घ श्वसन, पोहणं. सिगारेट सोडावीच, तिने कण्याचं नुकसान वाढतं. औषधांत आधी दाहशामक गोळ्या येतात, पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेऊन कण्याला उपयोग होत नाही आणि इतर संधिवातांत दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषधही कण्यावर चालत नाही. दाहशामकांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे दाह पेटवणारे प्रतिकारशक्तीचे ठराविक घटक रोखणारी औषधं, आहेत. ती महाग, हे खरंच. मात्र त्यांतल्याच अ‍ॅडॅलिम्युमॅबची स्वस्त प्रतिकृती भारतात २०१४ मध्येच आली, त्यामुळे किंमत ऐकून लगेच हात टेकू नयेत. ही इंजेक्शनं सुरू करण्यापूर्वी शरीरात लपलेल्या क्षयाची तपासणी मात्र झालीच पाहिजे. आपल्या देशात तर ती टाळणं धोक्याचं आहे.

वर्षानुवर्षं दाह चालू राहिला तर मणके एकमेकांना जुळून कणा ताठ होतो. असा कणा बाहेरून भक्कम वाटला तरी ठिसूळ असतो. अशा रुग्णाने केस कापताना मान मोडून घेऊ नये. किरकोळ पडल्यानंतरही मानेत किंवा पाठीत नवं दुखणं सुरू झालं, तर एक्स-रे ठीक आला तरी सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारावं.