पेम्फिगस: फोड सुकल्यानंतरचा लांबचा उपचार

तोंडात महिनोन्महिने न भरणारे व्रण आणि त्यानंतर छातीवर, पाठीवर उठून हलक्या स्पर्शानेही फुटणारे फोड, अशी पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजाराची सुरुवात अनेक रुग्णांत होते. त्वचेच्या पेशी डेस्मोग्लिन नावाच्या प्रथिनांमुळे एकमेकींना चिकटून असतात. रोगप्रतिकार यंत्रणा याच प्रथिनांना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागली, की पेशींची पकड सुटते आणि मधल्या जागेत द्रव साठून फोड येतो. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे ठामपणे सांगायला हवे, कारण रुग्णाच्या वाट्याला वेदनेबरोबर दुरावाही येतो.

१९५० च्या दशकात स्टिरॉइड औषधांचा वापर सुरू होण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत असत. उघड्या जखमांतून पाणी व प्रथिने झिरपत राहत आणि जंतुसंसर्ग रक्तात पोहोचे. स्टिरॉइडमुळे हे मृत्यू पुष्कळ कमी झाले. पण तीच औषधे मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे घेतल्याने मधुमेह होणे, हाडे ठिसूळ होणे, संसर्गाला तोंड देण्याची ताकद घटणे हे नवे धोके उभे राहिले. ॲझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट ही रोगप्रतिकार यंत्रणा शांत करणारी औषधे जोडीला देण्याचा मुख्य हेतू स्टिरॉइडची मात्रा लवकर खाली आणता यावी हाच असतो.

रिटुक्सिमॅब हे औषध ज्या बी पेशींपासून पुढे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात, त्या बी पेशीच नष्ट करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९० रुग्णांवरील फ्रान्समधील चाचणीत हे औषध आणि अल्पकाळ स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधांविना फोडमुक्त होते. केवळ स्टिरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. हा फरक पाहता, शक्य असेल तेथे हे औषध शेवटचा उपाय म्हणून राखून न ठेवता सुरुवातीलाच द्यावे, असे मला वाटते. मात्र त्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणी व्हावी, आवश्यक लसीही शक्यतो आधीच घ्याव्यात.

बुलस पेम्फिगॉइड हा याच कुळातला, प्रामुख्याने वृद्धांना होणारा आजार. त्यात फोड खोलवर, म्हणून ताठ असतात, आणि क्लोबेटासॉल हे तीव्र स्टिरॉइड मलम अंगभर लावूनही तो आटोक्यात येऊ शकतो. तेथे पुढची वाटचाल बरीचशी वय आणि सोबतच्या आजारांवर अवलंबून असते.

पेम्फिगसमध्ये त्वचा आधी सुकते, तोंडातले व्रण बहुधा मागे रेंगाळतात. फोडांच्या जागी सहसा व्रणखुणा राहत नाहीत, काळपट डाग मात्र बरेच दिवस दिसतात. बी पेशी काही महिन्यांनी पुन्हा तयार होतात आणि त्यांच्याबरोबर आजारही उलटू शकतो, म्हणून फोड नसतानाही तपासणी चालू ठेवावी लागते; रक्तातील डेस्मोग्लिनविरोधी प्रतिपिंडे पुन्हा वाढू लागल्यास डॉक्टर सावध होतात. बरे वाटते म्हणून स्टिरॉइडची गोळी स्वतःहून एकदम बंद करणे धोक्याचे आहे, कारण दीर्घ उपचारात मंदावलेल्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना स्वतःचे संप्रेरक पुन्हा पुरेसे बनवायला आठवडे, कधी महिनेही लागतात.